गटाराचा हिशेब आणि दिल्लीचे धोरण

मुंबई-पुणे जुना महामार्ग, कोकणात उतरणारा गोवा महामार्ग आणि न्हावा शेव्याच्या बंदराकडे जाणारा रस्ता पळस्पे फाट्याजवळ एकमेकांना भेटतात. तिथे रात्रंदिवस कंटेनरचे ट्रेलर वळत असतात, गणपतीच्या आधी चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागते आणि या सगळ्याला खेटून वसलेल्या गावाचा कारभार ग्रामपंचायत पाहते. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली तेव्हा आसपासची २९ गावे तिच्यात गेली. पळस्पे हद्दीबाहेर राहिले. त्याआधी जानेवारी २०१३ मध्ये नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्राची, म्हणजे 'नैना'ची, अधिसूचना निघाली होती आणि या पट्ट्याच्या नियोजनाचे अधिकार सिडकोकडे गेले होते. त्यामुळे आज रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, जमिनीचा आराखडा सिडकोचा, वीज महावितरणची, शाळा जिल्हा परिषदेची, आणि गटार, दिवाबत्ती, नळ, कचरा ग्रामपंचायतीचा अशी वाटणी झाली आहे. गावकरी मात्र सगळ्याचा जाब एकाच माणसाला विचारतात. तो माणूस म्हणजे वॉर्डातला सदस्य. बाकीची कार्यालये बेलापूरला, अलिबागला, मुंबईला नाहीतर दिल्लीला आहेत. सदस्य सकाळी दूध आणायला निघाला तरी भेटतो.

हा सदस्य आपल्या कामाची माहिती लोकांना देतो तेव्हा तिचे सहसा दोन भाग असतात. पहिल्या भागात गटार, पाणी, पथदिवे. दुसऱ्या भागात तो ज्या पक्षाला मानतो त्या पक्षाची देशपातळीवरची धोरणे, योजना आणि नेत्यांची छायाचित्रे. या दुसऱ्या भागाला ग्रामपंचायतीच्या पातळीवर जागा असावी का, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्यावरची दोन टोकांची मते पुढे दोन व्यक्तींच्या तोंडी घातली आहेत. संवाद रचलेला आहे आणि व्यक्ती प्रातिनिधिक आहेत. एक आहेत जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, दुसरी ग्रामपंचायत सदस्य असलेली ताई. तिचा पक्ष कोणता हे मुद्दामच सांगितलेले नाही, कारण मुद्दा सर्वच पक्षांना लागू आहे.

गुरुजी : ताई, ग्रामपंचायतीच्या नोटीस बोर्डावर लावलेला तुमचा अहवाल वाचला. गटारातला गाळ काढला, बंद पडलेले दिवे बदलले, टाकी धुतली, हे वाचून बरं वाटलं. पण निम्म्या कागदावर दिल्लीच्या योजना आणि पुढाऱ्यांचे फोटो. तुम्ही निवडून आलात ते पॅनेलमधून. मतपत्रिकेवर तुमच्या नावासमोर कुठल्याही पक्षाचं चिन्ह नव्हतं. आपल्या राज्यात जिल्हा परिषद, पंचायत समिती पक्षाच्या चिन्हावर लढतात, ग्रामपंचायत नाही. त्यामागे काही विचार आहे की नाही? गावात भाऊबंदकी आधीच आहे, त्यात पक्षाची भर नको, हाच तो विचार. लोकांनी तुम्हाला गटारासाठी मत दिलं. दिल्लीसाठी द्यायचं तेव्हा ते खासदाराला देतील.

ताई : गुरुजी, चिन्ह नव्हतं हे खरं. पण निकाल लागला की दुसऱ्या दिवशी प्रत्येक पक्ष सांगतो, आमच्या इतक्या ग्रामपंचायती आल्या. सगळ्या पक्षांचे आकडे एकत्र केले तर निवडणूक झालेल्या ग्रामपंचायतींपेक्षा बेरीज मोठी होते. कोण कुठल्या पक्षाचा हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी माझा पक्ष लपवला तर तो जाणार आहे थोडाच? उलट उघड सांगितलं तर लोक विचारू तरी शकतील. आणि गटार-गटार म्हणता, पण महामार्गाच्या भरावाला लागून असलेल्या वस्तीत पाणी तुंबलं तर मी काय करू? महामार्गाच्या हद्दीत ग्रामपंचायतीला परवानगीशिवाय साधी मोरीसुद्धा टाकता येत नाही. ते गटार गावाचं, पण निर्णय दिल्लीच्या खात्याचा.

ताईचे पहिले म्हणणे वस्तुस्थिती म्हणून बरोबर आहे, पण तेवढ्याने तिची बाजू सिद्ध होत नाही. पक्ष लपत नाही म्हणून पक्षाचा प्रचार ग्रामपंचायतीच्या कागदावर चालेल, असे ठरत नाही. तिचे दुसरे म्हणणे मात्र वजनदार आहे. पळस्पे-इंदापूर हा गोवा महामार्गाचा पहिला ८४ किलोमीटरचा टप्पा चौपदरी करण्याचे काम २०११ साली सुरू झाले. ते २०१४ मध्ये पूर्ण व्हायचे होते. त्यानंतर एक दशक उलटले तरी खड्डे, वळणरस्ते आणि अर्धवट पूल यांवर मुंबई उच्च न्यायालय सरकारला जाब विचारत होते. काम सुरू झाले तेव्हा केंद्रात काँग्रेसच्या नेतृत्वाखालचे सरकार होते, २०१४ नंतर भाजपच्या नेतृत्वाखालचे आले. मुदती दोन्ही राजवटींत हुकल्या. भूसंपादनाचे घोडे अडले, कर्नाळा अभयारण्यातून जाणाऱ्या रस्त्याला वनखात्याच्या परवानग्या लागल्या, ठेकेदाराकडचा पैसा आटला. यातले एकही कारण ग्रामपंचायतीच्या हातातले नव्हते. परिणाम मात्र महामार्गालगतच्या प्रत्येक गावाने भोगले. अशा गावातला सदस्य फक्त आपल्या अखत्यारीतले बोलेन म्हणाला, तर गावाच्या सर्वांत मोठ्या प्रश्नावर त्याला तोंड मिटून बसावे लागेल.

गुरुजी : रस्त्याचं मान्य. पण पक्षाशिवाय गाव उभं राहतं, याचे दाखले आपल्याच राज्यात आहेत. हिवरे बाजार घ्या. १९८९ साली तिथल्या लोकांनी पोपटराव पवारांना एकमताने सरपंच केलं, पुढे तीस वर्षं गावात निवडणुकीची वेळ आली नाही. २०२१मध्ये आली तेव्हाही लोकांनी त्यांच्याच पॅनेलला निवडून दिलं. दुष्काळी गावात पाणी आलं, गेलेली माणसं परत आली. तिथे कुणी नोटीस बोर्डावर पुढाऱ्यांचे फोटो लावत बसलं नाही.

ताई : गुरुजी, हिवरे बाजारला मीही मानते. पण ते गाव सरकारी धोरणापासून लांब राहून मोठं झालं नाही. राज्य सरकारने १९९२ साली आदर्श गाव योजना काढली, तिच्यात ते गाव शिरलं. बांधबंदिस्ती, समतल चर यांवर रोजगार हमीचा पैसा वापरला. योजना कुठली, अट कुठली, पैसा कुठून येतो हे त्यांना पाठ होतं. माझ्या वॉर्डातल्या बाईला घरकुलाची यादी कशी बनते हे मी सांगितलं नाही, तर ती दलालाकडे जाईल.

इथे ताईने गुरुजींचेच उदाहरण त्यांच्यावर उलटवले आहे, आणि ते योग्य आहे. हिवरे बाजारने पक्ष बाजूला ठेवला, धोरण बाजूला ठेवले नाही. वादाचा गाभा याच फरकात आहे. गावच्या सदस्याने धोरणावर बोलावे की नाही, हा प्रश्न निकालात निघतो, कारण त्यावाचून त्याचे काम होतच नाही. १९९३च्या एप्रिलमध्ये लागू झालेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने अकराव्या परिशिष्टात २९ विषय पंचायतींसाठी नोंदवले. ते सगळे विषय त्यांच्या माणसांसह आणि पैशासह खाली आलेले नाहीत. आज ग्रामपंचायतीच्या हातात खेळणारा मोठा पैसा वित्त आयोगाचा असतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपयांची शिफारस केली आणि त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून टाकले. महाराष्ट्रात या पैशातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींसाठी ठरला. म्हणजे पळस्प्याच्या एखाद्या गल्लीतले गटार बंदिस्त करायचे की स्मशानभूमीची शेड बांधायची, या ग्रामसभेतल्या वादाला दिल्लीत बसलेल्या आयोगाने आधीच अर्धी दिशा दिलेली असते. हे लोकांना सांगणारा सदस्य राजकारण करत नसतो, हिशेब समजावत असतो.

गुरुजी : मग तेवढंच सांगा ना! ६० टक्के पाण्याला, ४० टक्के इतर कामांना, आपल्याला इतके आले, इतके खर्च झाले. तुम्ही काय लिहिता? देश प्रगतिपथावर, घरोघरी नळ, विमानतळामुळे परिसराचा कायापालट. यातलं एक तरी वाक्य तुमच्या वॉर्डाबद्दल आहे का? पक्षाच्या कार्यालयातून आलेला मजकूर तसाच्या तसा चिकटवता. तो पळस्प्यात चिकटवा नाहीतर परभणीत, काही फरक पडत नाही.

ताई : मजकूर वरून येतो, हे कबूल आहे. पण योजना खोटी आहे का? नळ आले नाहीत का?

गुरुजींचा हा आक्षेप या सगळ्या वादातला सर्वांत खरा आहे. धोरण सांगण्यात चूक नाही. वरून आलेले धोरण खाली तसेच ओतण्यात आहे. ताईने विचारलेल्या नळाचेच पाहू. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागातल्या प्रत्येक घराला नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवले. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्याचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. मूळ मुदत २०२४ची होती, ती नंतर २०२८पर्यंत वाढवली गेली. राज्यात ठेकेदारांची देणी थकली आणि अनेक ठिकाणची कामे रेंगाळली. आता हे धोरण एका घरात आणून पाहा. घरात पाच माणसे असतील तर रोज २७५ लिटर पाणी हवे. पंधरा लिटरची बादली नळाखाली किती मिनिटांत भरते आणि नळ किती वेळ चालतो, एवढे मोजले की ते घर या धोरणात बसते की नाही हे कळते. एका सकाळी दहा घरांतल्या बादल्या मोजणे कोणत्याही सदस्याच्या आवाक्यातले आहे. 'घरोघरी नळ' हे पक्षाचे वाक्य आहे. 'आपल्या गल्लीत २७५च्या जागी इतके लिटर येते' हे लोकप्रतिनिधीचे वाक्य आहे. दुसरे वाक्य लिहिणाऱ्याला पहिले वाक्य लिहिण्याचा अधिकार आपोआप मिळतो.

नैनाचेही तसेच आहे. नगररचना योजनेत जमीनमालकाची ६० टक्के जमीन रस्ते, मोकळ्या जागा, सुविधा यांसाठी जाते आणि ४० टक्के विकसित भूखंड म्हणून परत मिळते. ४० गुंठे जमीन असणाऱ्याच्या हाती १६ गुंठ्यांचा भूखंड येतो. त्या १६ गुंठ्यांची किंमत आधीच्या ४० गुंठ्यांहून जास्त होईल, असे योजनेचे समर्थक सांगतात. वाटणी चार भावांत झाली की प्रत्येकाकडे काय उरते, असे शेतकरी विचारतात. या प्रश्नावर पनवेल तालुक्यात वर्षानुवर्षे आंदोलने झाली. विमानतळ 'विकासाचे प्रवेशद्वार' आहे असे अहवालात लिहिणाऱ्या सदस्याने हे १६ गुंठ्यांचे गणितही लिहायला हवे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. ही बातमी सगळ्या देशाने वाचली. विमानतळाच्या छायेतल्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्याचे काय झाले, ही बातमी त्याचा सदस्य देणार नसेल तर दुसरे कोण देणार?

ताई : गुरुजी, खरं बोलू? हे सगळं लिहिलं तर पक्षाच्या बैठकीत माझ्याकडे बोट जातं. आमदार निधीतून रस्ता मागायचा असतो, जिल्हा नियोजनातून काम घ्यायचं असतं. वरच्यांना दुखावून वॉर्डात काम कसं आणू? पंचायत समितीचं तिकीट मागायची वेळ आली तर हाच कागद माझ्यापुढे ठेवतील. तुम्हाला बोलायला सोपं आहे.

गुरुजी : म्हणूनच म्हणतो, पक्षाचा संबंधच नको. ना स्तुती, ना टीका.

ताईची भीती खोटी नाही. निधी वाटणाऱ्याची मर्जी सांभाळावी लागते हे गावोगावचे वास्तव आहे. तरीही त्या भीतीचा हिशेब नीट मांडला पाहिजे. वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीला ठरलेल्या सूत्राने मिळतो; तो कुणाच्या कृपेवर अवलंबून नाही, आणि त्याचा जमाखर्च 'ई-ग्रामस्वराज' संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. पक्षांतरबंदीचे म्हणाल, तर स्थानिक संस्थांसाठीचा राज्याचा १९८६चा कायदा महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, पंचायत समिती यांच्या सदस्यांना लागू होतो. ग्रामपंचायतीत पक्ष नाही म्हणून तिथे पक्षादेशही नाही. जिथे पक्षादेश लागू आहे तिथेसुद्धा तो मतदानापुरता आहे. पत्र लिहून प्रश्न विचारण्याला पक्षद्रोह म्हणत नाहीत. म्हणजे ग्रामपंचायत सदस्य हा भारतीय लोकशाहीतला सर्वांत मोकळा लोकप्रतिनिधी आहे. आमदार-खासदारांनी पक्षाविरुद्ध मत दिले तर त्यांचे पद जाऊ शकते, सदस्याचे जात नाही. एवढे स्वातंत्र्य हाती असताना पक्षाचा मजकूर चिकटवण्यात ते खर्ची घालणे, हे लोकांनी दिलेल्या मताचे नुकसान आहे.

गुरुजींच्या 'संबंधच नको' या भूमिकेलाही उत्तर दिले पाहिजे, आणि ते उत्तर याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. १९२३च्या ऑगस्टमध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ते प्रांताचे धोरण झाले. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस तेव्हा तिथल्या लोकाभिमुख कारभाऱ्यांपैकी होते. पण ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले. त्यानंतर सनातन्यांच्या दडपणाखाली, ४ ऑगस्ट १९२७ रोजी, त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळ्यावरचा हक्क न्यायालयात सिद्ध व्हायला १९३७ साल उजाडले. मुंबईचे धोरण मुंबईतच राहिले असते तर महाडचे पाणी बंदच राहिले असते. धोरण जगते की मरते हे शेवटी नगरपालिकेच्या, ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठरते. त्या टेबलावर बसणाऱ्याने 'हा वरचा विषय आहे' म्हणून हात झटकले, तर वरचा चांगला कायदाही खाली पोहोचत नाही. गुरुजींनी मागितलेले मौन पक्षनिरपेक्ष वाटते, पण अशा वेळी ते बलवानाच्या बाजूला जाऊन बसते.

याच्या उलट दिशेने जाणारे उदाहरण पनवेलचेच आहे. दि. बा. पाटील पनवेलचे नगराध्यक्ष होते, पुढे पाच वेळा आमदार आणि दोनदा खासदार झाले. पक्ष शेतकरी कामगार पक्ष, राज्यात विरोधी बाकांवरचा. सिडकोने नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या तेव्हा मोबदल्याचा प्रश्न त्यांनी गावागावातून उचलला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दास्तान फाटा आणि नवघर फाटा इथे गोळीबार झाला, पाच जणांचे बळी गेले. त्या संघर्षातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व राज्याने स्वीकारले, आणि पुढे विमानतळाच्या प्रकल्पग्रस्तांसाठी साडेबावीस टक्क्यांचा पर्याय आला तो त्याच तत्त्वाच्या वाटेने. एका तालुक्यातल्या गाऱ्हाण्याने राज्याचे धोरण बदलले. महाडमध्ये धोरण खाली आणायला माणसे लागली. उरणमध्ये गाऱ्हाणे वर न्यायला लागली. लोकप्रतिनिधीचे काम या दोन्ही दिशांचे आहे. आजच्या सदस्यांचे अहवाल फक्त एका दिशेने वाहतात. वरून स्तुती येते, खालून प्रश्न जात नाही. तक्रार करायची तर ती याची केली पाहिजे.

गुरुजी : दि. बा. पाटलांची गोष्ट वेगळी. तेवढ्या उंचीची माणसं प्रत्येक वॉर्डात कुठून आणायची?

ताई : आणि गुरुजी, पक्षच नसता तर दि. बां.च्या मागे गावोगावची माणसं उभी राहिली असती का? केरळात ग्रामपंचायतही पक्षाच्या चिन्हावर लढतात. १९९६ साली तिथल्या सरकारने जनयोजना मोहीम सुरू केली, राज्याच्या योजनाखर्चातला एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा पंचायतींकडे दिला. नंतर विरोधी आघाडीचं सरकार आलं, नाव बदललं, पण पंचायतींचा पैसा बंद झाला नाही. पक्ष आला म्हणून गाव बुडालं नाही तिथे.

गुरुजी : केरळात सदस्याला लोक प्रश्न विचारतात. आपल्याकडे ग्रामसभेला गणसंख्या पुरी होत नाही.

गुरुजींच्या या शेवटच्या उत्तराने वाद योग्य ठिकाणी येऊन थांबतो. मोठ्या उंचीची माणसे मिळत नाहीत, ही सबब फार दिवस चालणार नाही, कारण या कामाला उंची लागत नाही, नेम लागतो. जोतिराव फुले पुणे नगरपालिकेचे नियुक्त सदस्य असताना, १८८०च्या सुमारास, व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणासाठी वापरा, असे म्हणत त्याला विरोध करणारे ते एकटेच होते. त्यांनी साम्राज्याच्या धोरणावर व्याख्यान दिले नाही. नगरपालिकेच्या हजार रुपयांबद्दल प्रश्न विचारला आणि त्या एका प्रश्नात साम्राज्याचे धोरण उघडे पडले. गावच्या सदस्याकडे हेच साधन आहे. त्याच्या हातातला आकडा लहान असतो, पण तो खरा असतो आणि त्याच्या डोळ्यांसमोरचा असतो.

म्हणून दोघांनाही आपापली भूमिका थोडी सोडावी लागेल. गुरुजींना हे मान्य करावे लागेल की पळस्प्यासारख्या गावात, जिथे रस्ता, जमीन आणि पाणी तिन्ही वरच्या निर्णयांवर चालतात, तिथे धोरणावर न बोलणारा सदस्य अपुरा आहे, आणि ज्याला धोरणावर बोलायचे त्याने आपला पक्ष उघड सांगणे लपवण्यापेक्षा प्रामाणिक आहे. ताईला हे मान्य करावे लागेल की ग्रामपंचायतीच्या कागदावर पक्षाच्या धोरणाला जागा मिळते ती वॉर्डाच्या आकड्यासह. त्यासाठी एक साधा नियम पुरेसा आहे. अहवालात ज्या-ज्या धोरणाचे नाव येईल, त्याच्यापुढे तीन ओळी असाव्यात. धोरणाने काय देऊ केले. आपल्या वॉर्डात प्रत्यक्ष काय पोहोचले. आणि जे पोहोचले नाही त्याबद्दल मी कुणाला, कोणत्या तारखेला लिहिले. तिसरी ओळ रिकामी असेल तर पहिली लिहू नये. फोटो ग्रामपंचायतीच्या फलकावर नकोत. ते लावायचे तर पक्षाच्या स्वतःच्या फलकावर, पक्षाच्या पैशाने लावावेत.

यावर कुणी म्हणेल, अशा तीन ओळींनी महामार्ग लवकर होणार आहे का? एका सदस्याच्या एका पत्राने होणार नाही. पण पळस्प्यापासून इंदापूरपर्यंतच्या ८४ किलोमीटरवर डझनावारी ग्रामपंचायती आहेत. त्यांच्या प्रत्येक सदस्याने दर तीन महिन्यांनी आपल्या वॉर्डासमोरचा खड्डा, तुंबलेली मोरी, बंद सेवारस्ता तारखेसह नोंदवून स्वतःच्या पक्षाच्या खासदाराला आणि महामार्ग प्राधिकरणाला कळवले असते, तर कोणत्याही पक्षाच्या मंत्र्याला लोकसभेत नवी मुदत इतक्या सहजपणे देता आली नसती. न्यायालयात याचिका करणाऱ्यालाही वर्तमानपत्रातली कात्रणे गोळा करावी लागली नसती. पुरावा ग्रामपंचायतींच्या दप्तरात तयार असता. पक्षाची शिस्त मोडावी लागते असेही नाही. ज्या पक्षाला आपले धोरण खरोखर चांगले वाटते, त्याला ते कुठे अडते हे कळण्याची गरज विरोधकांपेक्षा जास्त असते.

राहिला तो गणसंख्येचा प्रश्न, आणि तो सदस्याचा नाही, आपला आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी गावोगाव ग्रामसभा होतात. मार्च २०२२ मध्ये रायगड जिल्हा परिषदेची मुदत संपली, त्याच वर्षी पनवेल महापालिकेचीही, आणि दोन्हीकडे कित्येक वर्षे प्रशासक बसले. त्या काळातही मतदाराला समोरासमोर प्रश्न विचारायला कायद्याने दिलेली जागा ग्रामसभाच होती. पुढच्या ग्रामसभेला जा. आपल्या सदस्याच्या पक्षाला शिव्या घालू नका आणि जयजयकारही करू नका. त्याने नाव घेतलेल्या प्रत्येक योजनेपुढे दोन प्रश्न लेखी विचारा, इथे किती आले आणि वर काय कळवले, आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्या. ज्याला ही उत्तरे देता येतील त्याने दिल्लीबद्दल खुशाल बोलावे. ज्याला देता येणार नाहीत त्याला पुढच्या वेळी मत देऊ नये, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.